न चाखता रांधणाऱ्या मंदाताई

मंदाताई बोधनकरांना किळस फार लवकर येत असे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. कुणाला देव गळा देतो, कुणाला हातात जादू देतो. यांना किळस दिली होती. दुसऱ्याच्या घरी पाण्याचा पेला पुढे आला की त्या आधी तो उजेडात धरून पाहत. पेल्याला ओठांची कड दिसली तर त्यांचा तेवढ्यापुरता उपास असे. नया बाजारातल्या एका मिठाईवाल्याचा अंगठा रबडीत बुडालेला त्यांनी एकदा पाहिला, आणि पुढची बावीस वर्षं त्या दुकानावरून जाताना त्यांनी पदर नाकाला लावला. तो मिठाईवाला वारला, त्याचा मुलगा गादीवर बसला, तरी पदर काही खाली आला नाही. ग्वाल्हेरच्या मराठी बायका म्हणायच्या, मंदाताई ज्या घरी जेवल्या ते घर स्वच्छ. हे प्रशस्तिपत्र शहरात फार थोड्या घरांना मिळालं होतं.

अशा बाईला लोक स्वयंपाकाला बोलावत, आणि मानाने बोलावत. सासरे शहरातल्या बाडा चौकाजवळच्या एका देवळात पुजारी होते, त्यामुळे सोवळ्याचा स्वयंपाक घरातच मुरलेला. मुंज असो, नवरात्र असो, श्राद्ध असो, ओल्या नेसूच्या वस्त्राने पातेल्यापाशी उभं राहायचं ते मंदाताईंनीच. त्यांचा एक नियम होता. नैवेद्य दाखवेपर्यंत अन्न जिभेला लावायचं नाही. चाखलं की ते उष्टं, आणि उष्टं देवाला नाही. हा नियम तसा सगळ्यांचाच, पण बाकीच्या बायका तो सणावारी पाळायच्या. मंदाताई रोजच्या वरणालाही पाळायच्या. चाळीस वर्षांत चुलीपाशी उभं राहून त्यांनी एक थेंब तोंडात घातला नव्हता.

मग मीठ कसं कळायचं? नाकाने. झाकण उचलायचं, वाफ एकदा तोंडावर घ्यायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "चिमूटभर कमी आहे." मिठाला वास नसतो असं शास्त्र सांगतं, सांगो बापडं. मंदाताई म्हणत की मीठ पुरेसं पडलं की आमटीचा वास खाली बसतो, कमी असेल तर तो वर वर तरंगतो. यातलं कुणालाच काही कळायचं नाही. पण आमटी चुकायची नाही, म्हणून कुणी वाद घातला नाही.

एका मुंजीतली गोष्ट लोक अजून सांगतात. चाळीस पानांची कटाची आमटी उकळत होती. मदतीला आलेल्या एका बाईने पळीभर उचलली, ओठ लावून भुर्रकन ओढली, "वा, मस्त!" म्हणाली आणि तीच पळी परत पातेल्यात बुडवली. मंदाताईंनी फडक्याने पातेलं धरलं, मोरीपाशी नेलं आणि उपडं केलं. पानं मांडलेली, भटजी ताटकळलेले, यजमानांच्या तोंडचं पाणी पळालेलं. त्या दिवशी पाहुण्यांनी पुरणपोळी नुसत्या दुधाशी खाल्ली. ती बाई पुन्हा कुठल्याच कार्यात स्वयंपाकघराच्या बाजूला फिरकली नाही, आणि मंदाताईंना तिची कधी दयाही आली नाही.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये मंदाताईंना कोरोना झाला. पाच दिवस ताप होता, सहाव्या दिवशी उतरला, आणि वास गेला. तेव्हा त्याची चिंता करणंही लाजिरवाणं होतं. गल्लीत माणसं श्वासासाठी तडफडत होती, तिथे हिंगाचा वास येत नाही हे कुणाला सांगायचं? येईल हळूहळू, असं सगळेच म्हणत होते. आणि आला. ऑगस्टमध्ये एका सकाळी कांदा चिरताना आला.

कांद्याला गटाराचा वास येत होता. आधी त्यांना वाटलं कांदाच सडका आहे. दुसरा चिरला, तिसरा चिरला, मग मोरी धुतली, नळी धुतली, शेजारच्यांच्या दारापर्यंत जाऊन आल्या. संध्याकाळी लसूण सोलला तर मेलेला उंदीर. जिऱ्याची फोडणी पडली तर केस जळल्यासारखं. चहाला ओल्या पोतेऱ्याचा वास, तुपाला कुबट गोधडीचा. जगातलं जे जे चांगलं म्हणून त्यांनी आयुष्यभर वाफेवर ओळखलं होतं ते सगळं कुजून त्यांच्याकडे परत आलं होतं. नाकाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं की पुष्कळांना असं होतं, वर्षभरात जाईल. पुष्कळांचं गेलंही. मंदाताईंचं गेलं नाही.

त्या गार दहीभात, काकडी आणि केळं यांवर जगू लागल्या. ब्लाउज सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. विचारलं की म्हणत, वय झालं, पित्त आहे. खरं कुणालाच सांगितलं नाही. नवरा, सदाशिवराव, दहा वर्षांपूर्वीच गेले होते, ते असते तर कदाचित त्यांना सांगितलं असतं. बाकी कुणाला सांगणार? मंदाताईंकडे शिक्षण नव्हतं, नोकरी नव्हती, आवाज नव्हता; होतं ते एक नाक होतं. ते गेलं म्हटल्यावर उरलेल्या बाईला दारात कोण बोलावणार, असं त्यांना वाटे. आणि त्यांना बोलावलेलं हवं होतं. ही एक गोष्ट त्यांना दहीभातापेक्षाही जास्त हवी होती.

म्हणून गेल्या वर्षी माघी गणेश चतुर्थीला मराठी मंडळाने बोलावलं तेव्हा त्या गेल्या. एकशे चाळीस पानं. नाकपुड्यांत कापूस घालून, वरून पदर बांधून उभ्या राहिल्या. आमटीत मीठ घातलं. मग झाकण उचललं, सवयीने वाफ घेतली, आणि कापसातूनही गटार आलं. मीठ घातलं होतं की घालायचं होतं तेच त्यांना आठवेना. चाखायचं तर नाही. त्यांनी पुन्हा घातलं. पंगत उठल्यावर पत्रावळी गोळा करायला मुद्दाम त्याच वाकल्या, आणि प्रत्येक पत्रावळीत त्यांना आमटी दिसली, भात सोडून बाजूला सारलेली. कुणी काही बोललं नाही. मंडळाच्या विजयाबाईंना त्यांनी विचारलंसुद्धा, "कसं झालं होतं?" विजयाबाई म्हणाल्या, "उत्तम! तुमचं काय विचारायचं!" मंदाताईंना त्या दिवशी त्या आमटीची आली नाही इतकी या 'उत्तम'ची किळस आली.

या जानेवारीत ग्वाल्हेरात तीन दिवस धुकं हटलं नाही. सिटी सेंटरच्या मागच्या कॉलनीत, जिथे मंदाताई मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत, तिथे समोरची इमारत दिसेना. भाजीचा ठेला आलाच नाही. मुलगा सौरव बँकेच्या कामाने भोपाळला गेला होता, घरी सासू आणि सून दोघीच. रविवारी सकाळी आठला विजयाबाईंचा फोन आला. "बारापर्यंत येते. या वर्षीच्या चतुर्थीचं ठरवायचंय. काही करू नका, तुमचं असेल त्यातलेच दोन घास घेईन." आपल्याकडे 'काही करू नका' याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

सून सोनिका शेजारच्या मुरैन्याची, माहेरी हिंदी बोलणारी. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मराठी ती शिकली होती, पण घाई झाली की रूळ बदलायची. फोन ऐकून ती म्हणाली, "आई, सब्ज़ी तर आज येणार नाही. मी रात्री राजमा भिगोया है. त्याचं सूप करते. मेक्सिकन. नोएडात ऑफिसच्या कैंटीनमध्ये मिळायचं, इतकं भारी लागतं!"

"सूप म्हणजे पाणीच ना?"

"पाणी नाही हो. एकदम गाढं. त्याच्यावरच पोट भरतं. आणि बाहेरून काही आणायला नको, सगळं घरात आहे."

सगळं घरात होतं हे खरं, पण काय काय घरात होतं ते पाहून मंदाताईंच्या अंगावर शहारे आले. टोमॅटोच्या रसाचा कागदी खोका. कोणत्या कारखान्यात कुणी पायाने तुडवून भरला असेल देव जाणे. बर्फात गोठलेले मक्याचे दाणे. वाटीभर चवळी, ती बरी होती. आणि एका डब्यात पिझ्झाबरोबर येणाऱ्या चिमुकल्या पुड्या. सोनिका त्या फेकायची नाही, साठवायची. कात्रीने टोकं कापून तिने आठ पुड्यांतला वाळका पाला वाटीत झटकला. शिळ्या पोळ्या तिने पट्ट्या कापून तव्यावर कडक करायला टाकल्या. मंदाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आपण करू म्हणायचं तर नाक नाही, आणि करू द्यायचं तर हे पाहावं लागत होतं.

राजमा भिजलेलं पाणी सोनिकाने ओतून टाकलं, एवढं मात्र तिचं त्यांना पटलं. कुकरमध्ये राजमा आणि चवळी चढली. शिट्ट्या झाल्या. वाफेला भिजलेल्या चपलेचा वास आला, तो मंदाताईंनी दात आवळून सोसला. सोनिकाने दोन सुक्या लाल मिरच्या चिमट्याने धरून गॅसवर काळ्या होईपर्यंत भाजल्या आणि चुरल्या. वाटीभर राजमा पळीने ठेचून बाजूला ठेवला, सूप दाट व्हायला म्हणे. मग जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापलं आणि तिने एकदम दोन कांदे, दहा पाकळ्या लसूण आणि चमचाभर जिरं टाकलं.

गटार, उंदीर आणि जळके केस एकाच वेळी उठले. मंदाताईंनी पदर नाकावर दाबला, भिंत धरली, बेसिनपर्यंत जेमतेम पोचल्या आणि सकाळचं केळं बाहेर पडलं. पोटात दुसरं काहीच नव्हतं, तरी उमासे थांबेनात.

सोनिकाने गॅस बंद केला. पाण्याचा तांब्या आणला, पाठीवर हात ठेवला. मंदाताईंनी चूळ भरली. वर पाहिलं तर सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काळजीचं नव्हतं.

"दो साल हो गए, आई," ती म्हणाली. "मी किचनमध्ये गेली की तुम्ही पदर लावता. मी वाढलं की तुम्ही दहीभात घेता. आज तर उलटीच झाली. माझ्या हाताची घिन येते ना तुम्हाला? मुरैनाची आहे म्हणून? सीधे बोल दीजिए. मी सौरवला काही सांगणार नाही."

दोन वर्षं मंदाताईंनी आपलं नाक लपवलं होतं, आणि समोरची पोर दोन वर्षं आपले हात हुंगत बसली होती. पित्त म्हणून सांगणं सोपं होतं. शब्द ओठांवर आलाही होता.

"तुझ्या हाताची नाही ग," त्या म्हणाल्या. "सगळ्याचीच येते. मला वासच नाही उरला, सोनिका. येतो तो सडका येतो. कांदा, लसूण, चहा, तूप, सगळं सडलेलं. साडेतीन वर्षं झाली."

आणि मग बेसिनपाशी उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगून टाकलं. एप्रिल, ऑगस्ट, कापूस, आमटी, पत्रावळी. सगळं म्हणजे एक गोष्ट सोडून. सुनेने पळी चाटून परत भांड्यात घालावी आणि आपल्याला किळस यावी, हे नाक शाबूत असतं तरी झालंच असतं. थोडी हाताचीही होती. ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्या बोलल्या नाहीत.

सोनिकाने डोळे पुसले, आणि एकदम तिला रागच आला. "और आपने किसी को बताया नहीं? उपाशी मरायचं होतं का? आज त्या विजयाबाई येतील, त्यांना तुम्ही हो म्हणणार. मग? परत दोनदा मीठ?"

"मग काय करू?"

"चाखा ना! दुनिया चखती है."

मंदाताईंनी मान अशी हलवली, जणू कुणी त्यांना बाजारात डोक्यावरून पदर काढायला सांगितलं होतं. सोनिकाने त्यांना पलंगावर बसवलं, बाहेरून खोलीचं दार ओढून घेतलं आणि सुपाचं पुढचं काम धरलं. कांदा लाल झाला, त्यात टोमॅटोचा खोका, मग राजमा, चवळी, मका, ठेचलेला राजमा, चुरलेली मिरची, पुड्यांतला पाला. अर्ध्या तासाने तिने हाक मारली. पातेल्यात जाड, विटकरी रंगाचं काहीतरी रटरटत होतं आणि मोठमोठे बुडबुडे फुटत होते. मंदाताईंना ते दिसायलाही आजारी वाटलं.

सोनिकाने एका वाटीत दोन चमचे काढलं. "नाक दाबा. असं, दोन बोटांनी. आता चखो."

"देवाला दाखवलं नाही अजून."

"आई, कांदा-लसूण घातलाय. देव वैसे भी नहीं खाने वाले."

मंदाताईंनी भिंतीकडे तोंड केलं, जसं कुणी पाहू नये म्हणून करतात. नाक चिमटीत धरलं, चमचा तोंडात घातला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुलीपाशी उभं राहून जिभेवर अन्न आलं, आणि आधी त्यांना स्वतःचीच शिसारी आली. आपली लाळ, आपला चमचा, आपली जीभ, सगळं परक्याचं वाटलं. थुंकावंसं वाटलं. पण नाक बंद होतं, म्हणून गटार आलं नाही. उंदीरही आला नाही. आलं ते एवढंच की तिखट चांगलं लागलंय, राजमा पिठूळ आणि मऊ शिजलाय, मीठ कमी आहे, आणि मागे कुठेतरी एक कडवट टोक राहिलंय.

त्यांनी गिळलं.

"अर्धा चमचा मीठ," त्या म्हणाल्या. आवाज नाकातून आला, तरी हुकूम जुनाच होता. "लिंबू पीळ, एक पूर्ण. आणि सुपारीएवढा गूळ घाल. तो खोक्यातला टोमॅटो कडवट आहे."

"मेक्सिकन सूपमध्ये गूळ?"

"घाल म्हणते ना."

सोनिकाने घातला, ढवळलं, पळीनेच भुर्रकन चाखलं, डोळे मोठे केले आणि पळी परत पातेल्यात सोडली. मंदाताईंनी तोंड फिरवलं, पण या वेळी पातेलं उचललं नाही.

विजयाबाई बाराच्या ठोक्याला आल्या. सत्तरीच्या, गुडघ्याने अधू, अंगावर जाड शाल, मंडळाच्या महिला शाखेचा गाडा तीस वर्षं एकट्याने ओढणाऱ्या. भीमसेनी कापराचा वास त्यांच्याबरोबर आत येत असे. मंदाताईंना तो ओल्या पोतेऱ्याचा आला. फ्लॅटचं स्वयंपाकघर उघडं, जेवायच्या टेबलावरून चूल दिसायची. सोनिकाने वाडग्यांत सूप वाढलं, वर पोळीच्या कडक पट्ट्या आणि लिंबाची फोड. विजयाबाईंनी आधी शंकेने ढवळून पाहिलं. मग एक चमचा घेतला, मग दुसरा. मग शालच काढून ठेवली.

"अहो, हे काय केलंत? उसळही नाही, आमटीही नाही, पण थंडीत काय छान लागतंय! सोनिका, अजून थोडं आण बघू." दुसरा वाडगा अर्धा संपल्यावर त्या मुद्द्यावर आल्या. "मंदाताई, या वेळी दीडशे पानं धरा. आणि नाही म्हणू नका. न चाखता रांधणारी आता एक तुम्हीच उरलात. बाकीच्या सगळ्या तोंडं घालतात. देवाला अर्धं उष्टंच जातं हल्ली."

मंदाताईंना हे ऐकायचं होतं. वर्षभर त्या याच वाक्याची वाट पाहत होत्या. तरी त्यांच्या तोंडून दुसरंच आलं.

"विजयाबाई, गेल्या वर्षी आमटी कशी झाली होती?"

"उत्तम!"

"पत्रावळी मी उचलल्या होत्या."

विजयाबाईंचा चमचा थांबला. "आता विचारताच आहात तर, जरा खारट होती."

"जरा?"

"बरीच. मी घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यायले. पण त्याचं काय एवढं? देवाला न चाखता दाखवली होती, ते खरं."

"म्हणजे देवालाही खारटच गेली." मंदाताईंनी हात मांडीवर ठेवले. "माझं नाक गेलंय, विजयाबाई. मला आता वाफेवर काही कळत नाही. चतुर्थीचं मी करते, आनंदाने करते. पण चाखून करीन. मी चाखीन, नाहीतर ही सोनिका माझ्याजवळ उभी राहून चाखेल. दीडशे माणसं नीट जेवतील. चालत असेल तर आत्ता सांगा."

विजयाबाईंनी सोनिकाकडे पाहिलं. "ही?" त्या एवढंच म्हणाल्या. त्यांच्या नाकपुड्या आत गेल्या, वरचा ओठ एका बाजूने उचलला गेला, मान इंचभर मागे सरली. मंदाताईंनी ते तोंड ओळखलं. आरशात पाहिलं नव्हतं, पण आतून चाळीस वर्षं वागवलं होतं. रबडीवाल्यासमोर, मुंजीतल्या त्या बाईसमोर, आणि दोन वर्षं या पोरीसमोर. समोरून ते इतकं ओंगळ दिसत असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

विजयाबाईंना मग एक शंका आली. त्यांनी वाडग्यात पाहिलं. "आणि हे? हेही कुणी..."

"मी चाखलं. आणि हिनेही."

विजयाबाईंनी वाडगा एका नखाने पुढे ढकलला. दीड वाडगा पोटात गेला होता, राहिलेल्या अर्ध्याची त्यांना किळस आली होती. पदराने त्यांनी ओठ पुसले, पुन्हा पुसले.

"हे बघा मंदाताई," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाकाचं मी कुणाला बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका. चतुर्थी तुमचीच. मीठ आपलं अंदाजाने घाला. कमी-जास्त झालं तर झालं, कुणी चकार शब्द काढणार नाही, ती जबाबदारी माझी. खारट चालेल. उष्टं नाही चालायचं."

झालं. हवं ते सगळं मंदाताईंसमोर मांडून ठेवलं होतं. मान तोच, बोलावणं तेच, दीडशे पानं, आणि दीडशे माणसांचं 'उत्तम'. फक्त हो म्हणायचं होतं. त्यांना पुन्हा उमासा आला, आणि या वेळी नाकाचा त्यात काही दोष नव्हता.

सोनिका वाडगे उचलायच्या निमित्ताने खाली मान घालून उभी होती. तिने पळी पातेल्याच्या काठावर तशीच ठेवली होती, तिच्या ओठांची, ओली.

"नाही जमायचं, विजयाबाई," मंदाताई म्हणाल्या आणि उठल्या. चार पावलांवर चूल. त्यांनी ती पळी उचलली, पातेल्यात बुडवली, डाव्या हाताने नाक घट्ट दाबलं आणि विजयाबाईंकडे तोंड करून भुर्रकन ओढली. आवाज मोठा झाला. त्यांनी करायचा म्हणूनच केला होता.

"मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सोनिका, बस. आपण दोघी जेवू."

आणि पळी त्यांनी तशीच, न धुता, परत पातेल्यात सोडली.